मामा, तुम्ही काम काय करता?

वाचकहो, मधुमेह, रक्तदाब, पावसाळ्यातले ताप या विषयांवर या सदरात नेहमीच बोलणे होते. आज थोडा वेगळा विषय घेतला आहे. त्यात माझी स्वतःची एक चूकही सांगायची आहे.

गेल्या पावसाळ्यात एक जोडपे दवाखान्यात आले. गृहस्थांचे वय पंचावन्नच्या पुढे. एका महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते परिचर आहेत. कॉलेजची मुले त्यांना मामा म्हणतात, आपणही मामाच म्हणू. तक्रार मामांची नव्हतीच, मामींची होती. "डॉक्टरसाहेब, हे झोपले की यांच्या नाकातून शिट्टी वाजते. घोरणं निराळं, ही शिट्टीच. नातवंडं दचकून उठतात." मामा ओशाळून हसत होते. "काही दुखत नाही हो साहेब. सकाळी नाकातून खपल्या निघतात, कधी थोडं रक्त येतं, एवढंच," ते म्हणाले.

मी त्यांच्या उजव्या नाकपुडीत बॅटरीचा झोत टाकला आणि सवयीने डाव्या नाकपुडीकडे पाहिले. तिथून उजेड आरपार दिसत होता. दोन नाकपुड्यांच्या मध्ये जो पडदा असतो, त्याच्या पुढच्या मऊ भागाला हरभऱ्याएवढे भोक पडले होते. श्वास त्या भोकातून ये-जा करी, तीच मामींना ऐकू येणारी शिट्टी.

नाकाच्या पडद्याला भोक पडण्याची कारणे अनेक आहेत. क्षयरोग, कुष्ठरोग, जुनी जखम, पूर्वी झालेली शस्त्रक्रिया, काही दुर्मिळ आजार. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवून सगळ्या तपासण्या करून घेतल्या. त्यातले काही निघाले नाही. तज्ज्ञांनी चिठ्ठीवर एकच ओळ लिहून पाठवली होती : पेशंट कोणत्या रसायनाशी काम करतो ते विचारावे.

ती ओळ वाचून मला घाम फुटला, कारण हेच मामा तीन वर्षांपूर्वी हातांवरच्या जखमा घेऊन माझ्याकडे आले होते. बोटांच्या सांध्यांवर आणि नखांच्या मुळाशी मसुराच्या दाण्याएवढे खड्डे पडले होते. कडा कडक आणि उंचावलेल्या, मध्ये काळसर खपली. फारसे दुखत नव्हते, पण महिना महिना भरत नव्हते. मी कधी नायट्याचे मलम दिले, कधी गजकर्णाचे, कधी प्रतिजैविकाच्या गोळ्या. रक्तातली साखरही तपासली. मामा तंबाखू मळतात हे दिसत होते, म्हणून त्यावरून दोन शब्द सुनावलेही. पण "मामा, तुम्ही काम काय करता?" हा साधा प्रश्न मी तीन वर्षांत विचारला नाही.

आता विचारला. मामा म्हणाले, "धुण्याचं काम. पोरांचं प्रॅक्टिकल झालं की सगळं काचसामान बादलीत टाकायचं, दुसऱ्या दिवशी काढून घासायचं. बादलीत ते लाल पाणी असतं ना, क्रोमिक ॲसिड. ते पण मीच बनवतो. चोवीस वर्षं झाली."

नारिंगी मीठ

शास्त्र शाखेत शिकलेल्या वाचकांना हे लाल पाणी आठवत असेल. पोटॅशियम डायक्रोमेट नावाचे सुंदर नारिंगी रंगाचे स्फटिक असतात. मिठाच्या खड्यासारखेच, पण रंग पिकलेल्या संत्र्याचा. ते तीव्र गंधकाम्लात मिसळले की दाट, तांबूस-तपकिरी द्रव तयार होतो. चंचुपात्रे, ब्युरेट, पिपेट त्यात रात्रभर बुडवून ठेवली की तेलकटपणा जळून जातो आणि काच लख्ख निघते. ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. आमच्या मेडिकल कॉलेजातही होती.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी दवाखाना सुरू केला, तेव्हा मागच्या खोलीत हिमोग्लोबिन आणि लघवी तपासण्याची छोटी सोय ठेवली होती. पिपेट धुण्यासाठी तिथेही या लाल पाण्याची एक बरणी होती. धुण्याचे काम माझा कंपाउंडर करीत असे. त्याला हातमोजे दिल्याचे मला आठवत नाही.

या मिठाचा मूळ घटक क्रोमियम हा धातू. १७९७ मध्ये व्होकलँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने सायबेरियातून आलेल्या लाल खनिजात तो शोधला. याची संयुगे नाना रंगांची असतात, म्हणून ग्रीक भाषेतील रंग या अर्थाच्या शब्दावरून त्याला क्रोमियम हे नाव मिळाले.

इथे घाबरून जाऊन घरातली स्टीलची भांडी कोणी बाहेर काढू नयेत. स्टीलमध्ये क्रोमियम असते हे खरे, पण ते धातूच्या रूपात घट्ट बांधलेले असते. क्रोमियमच्या संयुगांत दोन मुख्य प्रकार आहेत. एक त्रिसंयुजी, सहसा हिरवट, तुलनेने पुष्कळ निरुपद्रवी. दुसरे षट्संयुजी, पिवळे ते नारिंगी आणि लाल. घात करते ते हे दुसरे. मामांच्या बादलीत तेच होते.

जुनी ओळख

हे दुखणे नवे नाही. १८२७ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील डॉक्टर विल्यम क्यूमिन यांनी कापड रंगवणाऱ्या कामगारांच्या हातांवरच्या व्रणांचे वर्णन छापले. हे कामगार डायक्रोमेटच्या पाण्यात हात घालून काम करीत. ते वर्णन वाचताना मला मामांचेच हात दिसले. म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी जे लिहिले गेले होते, ते मला माझ्या टेबलासमोर बसलेल्या माणसात ओळखता आले नाही.

त्याच ग्लासगोजवळ रदरग्लेन येथे क्रोमची संयुगे तयार करणारा मोठा कारखाना होता. त्याचे मालक दानशूर आणि धर्मनिष्ठ म्हणून प्रसिद्ध होते. १८९९ मध्ये मजूर चळवळीचे नेते केर हार्डी यांनी तिथल्या कामगारांची हकिकत जाहीरपणे मांडली. बारा बारा तास काम, आठवड्याची सुट्टी नाही, हातांवर खड्डे आणि नाकाला भोके. तिथे ही भोके इतकी नित्याची होती की त्यांना 'क्रोम होल' असे नावच पडले होते. हेच हार्डी पुढे १९०७ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेले.

कारखान्यांतून पुढे आणखी भयंकर माहिती आली. १८९० मध्ये स्कॉटलंडमध्येच क्रोम रंगांचे काम करणाऱ्या एका कामगाराच्या नाकात कर्करोग झाल्याची नोंद झाली. १९३६ मध्ये जर्मनीने क्रोमेट कामगारांचा फुप्फुसाचा कर्करोग हा धंद्यामुळे होणारा आजार म्हणून मान्य केला. १९९० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने षट्संयुजी क्रोमियमची संयुगे पहिल्या गटात, म्हणजे माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात ठेवली. तंबाखूचा धूर याच गटात आहे.

शरीरात ते काय करते?

शरीराला गंधकाची काही संयुगे लागतात, आणि ती आत घेण्यासाठी पेशींना खास दरवाजे असतात. षट्संयुजी क्रोमियमचा रेणू या सल्फेटसारखाच दिसतो. पेशी फसते आणि त्याला आत घेते. आत गेल्यावर त्याचे त्रिसंयुजी क्रोमियममध्ये रूपांतर होते, आणि या घडामोडीत पेशीतील आनुवंशिक द्रव्याला इजा पोहोचते. बाहेर तुलनेने निरुपद्रवी असणारा त्रिसंयुजी क्रोमियम पेशीत असा चोरवाटेने तयार झाला, की घातक ठरतो.

त्वचेवर याचे दोन परिणाम होतात. पहिला म्हणजे व्रण. धडधाकट कातडीवर सहसा काही होत नाही, पण साधा ओरखडा असला, नखाजवळची साल निघालेली असली, की तिथे हे रसायन मुरते आणि खोल खड्डा पडतो. तो फारसा दुखत नाही हीच त्याची खोड. दुखले असते तर मामा पहिल्याच महिन्यात आले असते. दुसरा परिणाम ॲलर्जीचा. हात खाजतात, लाल होतात, भेगाळतात, त्यातून पाणी गाळते. एकदा ही ॲलर्जी जडली की बहुधा जन्मभर राहते. मग क्रोमने कमावलेल्या चामड्याची चप्पल आणि सिमेंटसुद्धा सोसत नाही. सिमेंटमध्ये या क्रोमियमचा अंश असतो, म्हणूनच गवंडीकाम करणाऱ्या पुष्कळ लोकांचे हात असे खराब होतात. डेन्मार्कने १९८३ पासून सिमेंटमध्ये फेरस सल्फेट, म्हणजे आपले हिराकस, मिसळायला लावले आणि तिथल्या गवंड्यांमधली ही ॲलर्जी कमी झाली. युरोपीय संघाने २००५ पासून सिमेंटमधील या क्रोमियमवर दहा लाख भागांत दोन भाग अशी मर्यादा घातली.

नाकात ते दोन वाटांनी पोहोचते. एक वाट भुकटी आणि वाफांतून, दुसरी बोटांवरून. काम करता करता नाक खाजवले, शिंकरले, की बोटावरचे रसायन आत जाते. पडद्याचा पुढचा भाग कूर्चेचा असतो आणि तिथला रक्तपुरवठा बेताचा. आधी तिथे फोड होतो, मग खपली धरते, मग भोक पडते. जखम असेपर्यंत काम थांबवले तर ती भरून येऊ शकते. एकदा आरपार भोक पडले की ते आपोआप बुजत नाही.

श्वासाबरोबर आत गेल्यास दमा होऊ शकतो आणि वर सांगितलेला फुप्फुसाचा कर्करोग. पोटात गेल्यास मूत्रपिंड आणि यकृत निकामी होऊन जीव जाऊ शकतो. डोळ्यात उडाल्यास बुबुळ भाजते. गरोदर स्त्रियांनी तर या रसायनाचे काम करूच नये, कारण गर्भावर परिणाम करणाऱ्या पदार्थांतही त्याची गणना होते.

कर्करोगाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हा धोका सिद्ध झाला तो क्रोमेटचे कारखाने, रंगाचे कारखाने आणि क्रोमचा मुलामा देणारे उद्योग यांतील कामगारांत. त्यांच्या श्वासात रोज जेवढे गेले तेवढे प्रयोगशाळेत जात नाही. तेव्हा मामांना कर्करोग होईलच असे कोणी समजू नये. पण चोवीस वर्षे हा काही थोडा काळ नाही, आणि हा आजार पंधरा-वीस वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा उगवतो. त्यात मामा तंबाखू खातात, आणि तीही त्याच तळहातावर मळून.

किती म्हणजे फार?

अमेरिकेने २००६ मध्ये कामाच्या जागी हवेतील षट्संयुजी क्रोमियमची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने एका घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम एवढी ठरवली. त्याआधी ती ५२ होती. हा आकडा आपल्या हिशेबात बसवून पाहू. तीस फूट लांब, वीस फूट रुंद आणि बारा फूट उंच अशी प्रयोगशाळा धरा. तिच्यात साधारण २०० घनमीटर हवा मावते. म्हणजे सगळ्या खोलीत मिळून १ मिलिग्रॅम क्रोमियम उडाले की मर्यादा गाठली. अर्धा ग्रॅम डायक्रोमेटमध्ये सुमारे १७७ मिलिग्रॅम क्रोमियम असते. अर्थात सगळी भुकटी काही हवेत उडत नाही. पण तराजूवर खडे घेताना सांडलेली चिमूट कोरड्या फडक्याने झटकून टाकायची की ओल्या फडक्याने टिपायची, हे या हिशेबावरून ज्याचे त्याने ठरवावे.

आपल्या जिल्ह्यात कुठे कुठे?

हे दुखणे फक्त एका कॉलेजापुरते आहे असे समजू नका. शेतकरी वाचक माती परीक्षणासाठी नमुना देतात. अहवालात 'सेंद्रिय कर्ब' असा रकाना असतो. जमिनीत कर्ब कमी आहे, शेणखत टाका, असे तो सांगतो. हा कर्ब मोजण्याची सर्रास वापरली जाणारी पद्धत वॉकली आणि ब्लॅक या दोघांनी १९३४ मध्ये मांडलेली आहे, आणि तिच्यात मुख्य काम हेच नारिंगी मीठ करते. एका नमुन्याला साधारण अर्धा ग्रॅम डायक्रोमेट आणि वर तीव्र गंधकाम्ल. दिवसाला शंभर नमुने झाले तर जवळजवळ पन्नास ग्रॅम. २०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिकेची योजना आल्यापासून असे नमुने गावोगाव गोळा होऊ लागले. जमिनीचे आरोग्य पाहणे चांगलेच आहे. पण ते पाहणाऱ्या मुलामुलींचे आरोग्य कोण पाहते?

साखर कारखाने, डिस्टिलऱ्या, दुधाचे प्रकल्प यांच्या सांडपाण्याची 'सीओडी' तपासणी होते. त्यातही हेच मीठ गंधकाम्लाबरोबर दोन तास उकळतात, शिवाय पाऱ्याचा एक क्षारही घालतात. दुधाची फॅट काढण्यासाठी साठवलेले नमुने नासू नयेत म्हणूनही डायक्रोमेट टाकण्याची रीत आहे. ते दूध विकले जात नाही, तपासून फेकून देतात, त्यामुळे ग्राहकांनी घाबरू नये. मात्र ते जनावरांना पाजू नये आणि मोरीत ओतू नये.

'आम्हाला तर काही झालं नाही'

मामांची परवानगी घेऊन मी त्यांच्या महाविद्यालयात गेलो. विभागप्रमुख सज्जन गृहस्थ. चहा मागवला. म्हणाले, "डॉक्टर, तीस वर्षं आम्ही सगळे हेच वापरतोय. आम्हाला तर काही झालं नाही." मी त्यांना विचारले, "सर, बादलीत हात तुम्ही शेवटचा कधी घातलात?" ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "विद्यार्थी असताना."

गोष्ट अशी आहे. विद्यार्थी आठवड्यातून एकदा, तासभर, पातळ द्रावण हाताळतो. प्राध्यापक सांगतात आणि तपासतात. खडे वजन करणे, गंधकाम्ल ओतणे, बादली भरणे, काचा काढणे, बादली रिकामी करणे ही सगळी कामे एकाच माणसाच्या वाट्याला येतात, आणि बाटलीवर छापलेली धोक्याची सूचना त्याला वाचता येत नाही, कारण ती इंग्रजीत असते.

हातमोज्यांची चौकशी केली. होते. कपाटात, कुलपात, साठा नोंदवहीत रीतसर नोंद केलेले. दोन जोड. किल्ली कार्यालयात. बाहेर बादलीच्या कडेला एक जुना जोड वाळत होता, त्याच्या दोन बोटांना भोके पडलेली. फाटका मोजा उघड्या हातापेक्षा वाईट, कारण आत शिरलेले रसायन कातडीला चिकटून बसते.

दुसरा मुद्दा त्यांनी मांडला की याशिवाय काच स्वच्छ होत नाही. हे पूर्वी आम्हालाही पटत असे. पण क्रोमिक आम्लाने धुतलेल्या काचेवर क्रोमियमचा अंश चिकटून राहतो आणि तो काढायला अनेकदा खळबळावे लागते. नाजूक परीक्षणांत तोच अंश चुका घडवतो. काचसामान वापरल्याबरोबर पाण्यात टाकले, मग प्रयोगशाळेसाठी मिळणाऱ्या साबणात किंवा धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून ब्रशने घासले, तर महाविद्यालयातल्या कामापुरती काच उत्तम निघते. त्रास होतो तो वाळलेल्या, दोन दोन दिवस पडून राहिलेल्या भांड्यांचा. थोडक्यात, प्रयोग झाल्यावर मुलांनी आपली भांडी लगेच विसळून ठेवली तर या बादलीची गरज जवळजवळ संपते. आपल्या आळसाची किंमत मामांचे नाक का देईल?

म्हणून माझे स्पष्ट मत सांगतो. मातीतला कर्ब आणि सीओडी मोजण्यासाठी हे रसायन काही वर्षे तरी वापरावे लागेल. कर्ब मोजण्यासाठी माती यंत्रात जाळून मोजण्याची, क्रोम न लागणारी पद्धत आहे, पण यंत्र महाग आहे. ते येईपर्यंत हे काम सांभाळून करावे. भांडी धुण्यासाठी मात्र क्रोमिक आम्ल आजपासून बंद करावे. त्याला यंत्र लागत नाही की अनुदान लागत नाही. प्राचार्यांची एक सही पुरते.

काय काय करता येईल?

एक, हे रसायन हाताळणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या भाषेत, तोंडी, उदाहरणासह धोका सांगावा. बाटलीवर मराठीत चिठ्ठी लावावी.

दोन, आम्लाला टिकणारे, कोपरापर्यंत येणारे धड हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि अंगावर रबरी एप्रन द्यावा. मोजे कपाटात न ठेवता बादलीपाशी टांगावेत. वजन करताना मास्क लावावा. आम्लाचे काम खिडकीपाशी किंवा वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात करावे.

तीन, पिपेट तोंडाने ओढणे पूर्ण बंद. रबरी फुगा काही रुपयांत मिळतो.

चार, हाताला ओरखडा असेल त्या दिवशी हे काम करू नये. प्रयोगशाळेत खाणे, चहा, तंबाखू नको. तंबाखू मुळात नकोच, पण तो आपला नेहमीचा विषय आहे.

पाच, अंगावर किंवा डोळ्यात उडाल्यास तात्काळ वाहत्या नळाखाली किमान पंधरा-वीस मिनिटे धुवावे. कपडे भिजले असतील तर काढून टाकावेत. डोळ्यात गेल्यास धुऊन झाल्यावर लगेच नेत्रतज्ज्ञ गाठावा. पोटात गेल्यास ओकारी काढण्याच्या भानगडीत न पडता बाटलीसह मोठ्या रुग्णालयात न्यावे. वेळ घालवू नये.

सहा, उरलेले द्रावण मोरीत ओतू नये. रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी ते स्वतः पातळ करून हिराकसाने नारिंगीचे हिरवे करावे, मग चुन्याने साका बसवावा. हे काम परिचरावर सोपवू नये. साका साठवून घातक कचऱ्याच्या केंद्राकडे द्यावा. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे अशी केंद्रे आहेत.

सात, अशा प्रत्येक कर्मचाऱ्याचे हात आणि नाक वर्षातून एकदा तरी डॉक्टरांनी पाहावे. त्याला बॅटरी आणि दोन मिनिटे लागतात.

पालकांनी काळजी करू नये. आपल्या मुलाने प्रात्यक्षिकात हे द्रावण चारदा हाताळले म्हणून त्याला काही होत नाही. त्याने हात साबणाने धुवावेत आणि पिपेट तोंडात घालू नये, एवढे पुरे.

डॉक्टर मंडळींना दोन शब्द

बर्नार्डिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला जे प्रश्न विचारायचे त्यांत त्याने आणखी एकाची भर घातली : तुमचा धंदा काय? आम्ही हे पुस्तकात शिकलो आणि दवाखान्यात विसरलो. आमच्या केसपेपरवर वय आणि पत्त्याच्या शेजारी 'व्यवसाय' असा रकाना असतो. कंपाउंडर तिथे 'नोकरी' असे लिहितो आणि आम्ही पुढे जातो.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात क्रोमचे व्रण हा सरकारला कळवण्याच्या आजारांपैकी एक होता. असा कामगार तपासणाऱ्या डॉक्टरनेही लेखी कळवावे, असे त्याच्या ८९ व्या कलमात म्हटले होते. माझ्या आजवरच्या डॉक्टरकीत मी असे एकही पत्र लिहिलेले नाही. शिवाय तो कायदा कारखान्यासाठी होता. मामा तर कॉलेजात, म्हणजे त्यांचा आजार कोणत्याच वहीत चढला नाही. कायद्यांची नावे आणि कलमे बदलत राहतील. प्रश्न विचारायला मात्र कोणतेही कलम लागत नाही.

मामांची हकिकत पुरी करतो. त्यांना कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर बसवले. हातांचे व्रण तीन महिन्यांत भरले, वण राहिले. नाकातले भोक तसेच आहे. मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि मलम यांमुळे खपल्या कमी झाल्या. शस्त्रक्रिया नको म्हणतात. छातीची तपासणी मी दरवर्षी करवून घेणार आहे. मामींचे म्हणणे असे की शिट्टीची आता सवय झाली.

पण मामा उठले त्या जागी कंत्राटी पद्धतीने एक बावीस वर्षांचा मुलगा आला आहे. मागच्या आठवड्यात मी पुन्हा तिकडे डोकावलो. बादली अजून तिथेच होती. प्राचार्य म्हणाले, "पुढच्या सत्रापासून बघू." मुलगा कामाचा, हसतमुख. त्याच्या उजव्या हाताच्या तर्जनीवर एक लहानशी खपली होती. विचारले तर म्हणाला, "काही नाही डॉक्टर, काच लागली होती. भरत नाहीये एवढंच."

वाचकहो, तुमची मुले ज्या महाविद्यालयात शिकतात तिथे पालकसभेला जाल, तेव्हा निकाल आणि फी यांच्या जोडीने एक प्रश्न प्राचार्यांना विचारा : प्रयोगशाळेत काचसामान कशाने धुता? आणि तुमच्या घरातले, शेजारचे कोणी अशा ठिकाणी धुण्याचे काम करीत असेल, तर त्याला या आठवड्यात आपल्या डॉक्टरांकडे घेऊन जा. डॉक्टरांनी कामाबद्दल विचारले नाही तर तुम्हीच सांगा.